मायक्रोवर्मचं स्टार्टर किट: किडे उत्तम, झाकण सुमार

मायक्रोवर्म म्हणजे माशांच्या पिल्लांना खाऊ घालायचे अगदी बारीक किडे. किटमध्ये डबा, ओट्सची पूड, यीस्टची पुडी आणि चमचाभर जिवंत कल्चर (किड्यांसकट लगदा), एवढाच ऐवज. कल्चर मात्र ताजं आहे. टॉर्चचा तिरपा उजेड टाकला की पृष्ठभाग नुसता वळवळताना दिसतो.

पूड पाण्यात घट्टसर कालवा, चमच्यावरून घरंगळता कामा नये. थर १.५ सेंटीमीटरच ठेवा. जाड थरात तळाला हवा पोचत नाही, मग आंबूस वास जाऊन सडका वास सुटतो. यीस्ट चिमूटभर पुरे. अख्खी पुडी ओतली तर लगदा फुगून झाकणाला टेकतो. २२ ते २६ अंशांत साधारण ४-५ दिवसांत किडे डब्याच्या कडांवर चढतात. तिथूनच ब्रशने टिपायचे, म्हणजे लगदा टाकीत जात नाही. किडे टाकीच्या तळाशी बसतात, म्हणून पिल्लांना थोडे थोडेच घाला.

खोट झाकणात. भोकं उघडी, त्यामुळे फळमाश्या बिनदिक्कत आत शिरतात. भोकांत फिल्टर स्पंजचे तुकडे कोंबावे लागतात. तीनेक आठवड्यांत लगदा पातळ, तपकिरी होतो. त्याआधीच त्यातला चमचाभर दुसऱ्या डब्यातल्या नव्या लगद्यात घाला. दुसरा डबा किटमध्येच द्यायला हवा होता.