रेघांचा बिडाचा तवा, चार महिन्यांनंतर: अननस उत्तम, कडेची टोकं गंजली

गेल्या आठवड्यात पहिला पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तवा बाहेर काढला तर कडेने तांबडे ठिपके. बसून मोजले. तळाला उंचवट्याच्या अकरा रेघा, म्हणजे बावीस टोकं, त्यांतल्या नऊ टोकांना गंज. मधला सगळा भाग काळाभोर, तुकतुकीत, हात फिरवावासा वाटेल असा. आणि टोकं अशी. म्हणून आज लिहायला बसलो.

वजन, माप, मूठ, कोणत्या शेगडीवर चालतो हे सगळं इतरांनी लिहिलेलं आहे, ते परत लिहीत नाही. मी चौकोनी घेतला, फेब्रुवारीत, १,४९९ रुपयांना. घेतला तो फक्त फळं भाजण्यासाठी. बडोद्यात मे महिन्यात रात्री दहा वाजताही भिंतीला हात लावला तर ऊन जाणवतं. जेवणानंतर काहीतरी गोड, गार हवं असतं. आईला दातांमुळे आईस्क्रीम सोसत नाही आणि रोज आमरस आम्हाला सोसत नाही, पैशाने आणि साखरेनेही. म्हणून भाजलेलं फळ आणि त्याच्यासोबत गार चक्का.

याआधी नॉनस्टिकचा रेघांचा तवा होता. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या रेघांवरचा लेप सोलायला लागला. चूक त्या तव्याचीही नाही म्हणा. फळाला तवा आधी चांगला तापलेला लागतो, आणि नॉनस्टिक रिकामा तापवायचाच नसतो. २६० अंशांच्या वर तो लेप खराब व्हायला लागतो. दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत. बिडाच्या तव्याला ही भीती नाही.

मार्चमध्ये मी या तव्याबद्दल चार ओळी लिहून ठेवल्या होत्या, त्या तशाच देतो: "घेऊ नका. जात्याच्या पाळीसारखा खरखरीत आहे. केळं चिकटलं, अननस फाटला, घासायला अर्धा तास गेला. कंपनी म्हणते वापरून गुळगुळीत होईल. वापरायचं कसं, सगळंच चिकटतंय तर?"

आता यातलं अर्धं मागे घेतो. चिकटत होतं ते माझ्या पद्धतीमुळे. मी तव्यात तेल ओतायचो आणि वर कापलेलं ओलं फळ ठेवायचो. तेल खाचांमध्ये उतरतं, रेघा कोरड्याच राहतात. फळाच्या पाण्याची वाफ होते, आणि पाणी आटत नाही तोवर फळाचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जातच नाही. फळातली साखर तांबूस व्हायला त्याहून जास्त आच लागते. मग आपण घाईने उलटायला जातो आणि फळ फाटतं.

आता करतो ते असं. काप सुती फडक्याने दोन्ही बाजूंनी टिपून घ्यायचे. तेल तव्याला नाही, फळाला लावायचं, सिंगतेल (शेंगदाण्याचं) किंवा तूप, बोटाने, अगदी पुसटसं. तवा मध्यम आचेवर आठ मिनिटं रिकामा तापवायचा. बीड उष्णता हळूहळू पसरवतं. मोठ्या आचेवर घाई केली तर बर्नरच्या वरचा गोल जळतो आणि कोपरे थंड राहतात. पाण्याचा थेंब टाकला की नाचत गेला पाहिजे. मग काप ठेवायचे आणि तीन मिनिटं हात लावायचा नाही. फळ तयार झालं की आपणहून सुटतं. सुटत नसेल तर अजून व्हायचंय, उलथनं खुपसू नये.

आठ मिनिटं गॅस रिकाम्या तव्याखाली जाळणं मला आजही बोचतं. त्यावर तोड म्हणून भाजायचं ते सगळं एकाच दिवशी ठेवतो, पण क्रम पाळतो: आधी फळ, मग पनीर किंवा वांग्याचे काप. उलटं एकदाच केलं. अननसाला लसणाचा वास लागला आणि सगळी ताटली कामवाल्या बाईंनीसुद्धा परत ठेवली.

कोणती फळं? केळं सालीसकट उभं चिरून, कापलेली बाजू खाली. साल त्याला धरून ठेवते, मोडत नाही. पिकून काळे ठिपके पडलेलं नको. शक्करटेटी, म्हणजे खरबूज, भाजू नये, नुसतं पाणी सुटतं आणि वास जातो. केसर आंबा तव्यावर घालायला माझा जीव धजत नाही, तो कापून तसाच खावा. तोतापुरी घट्ट असते, ती छान भाजली जाते आणि थोडं मीठ-मिरी मागते.

पण तव्याचे पैसे वसूल केले ते अननसाने.

अननस दह्यात किंवा चक्क्यात कालवून ठेवला की तासाभरात कडवट होतो आणि पाणी सुटतं, हे बहुतेक घरांत माहीत असतं. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. उष्णतेने ते निकामी होतं. म्हणून भाजलेला अननस चक्क्यात चालायला हवा, असा माझा हिशेब होता. पहिल्यांदा चालला नाही. बाहेरून सुंदर काळे पट्टे पडलेले काप चक्क्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले, आणि रात्री आईने एक चमचा खाऊन वाटी बाजूला सारली.

मग खंडेराव मार्केटमधून आणलेल्या एकाच अननसाच्या तीन वाट्या केल्या. एकीत कच्चा. दुसरीत दोन सेंटीमीटर जाडीचे भाजलेले काप. तिसरीत एक सेंटीमीटरपेक्षा थोडे कमी, दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं, मधून वाफ येईपर्यंत. दोन तासांनी कच्च्याची वाटी पातळ आणि कडू. जाड कापांचीही कडेला पाणी सुटलेली, जिभेवर शेवटी कडवट. पातळ कापांचा चक्का जसाच्या तसा घट्ट, गोड. म्हणजे पट्टे दिसले म्हणून भाजलं असं होत नाही, मध्यापर्यंत आच पोचली पाहिजे. नुसतं ताटात शेजारी वाढून लगेच खायचं असेल तर जाड कापही चालतात. कालवून ठेवायचं असेल तर पातळच.

गेल्या महिन्यात आईचा ऐंशीवा वाढदिवस झाला. चौदा माणसं होती. दुपारीच अननस भाजून, गार करून, बारीक चिरून, चक्का-साखर-वेलचीत कालवून ठेवला होता. रात्री साडेनऊला वाढला. आईने दोनदा मागून घेतला. बाहेरून मिठाई आणायची वेळच आली नाही, आणि त्या एका रात्रीत तव्याचे पैसे फिटले असं मी धरून चालतो.

आता कडेविषयी, कारण माझी खरी तक्रार तीच आहे.

या तव्यात रेघा थेट काठाच्या भिंतीला जाऊन भिडतात. मध्ये जागाच सोडलेली नाही. फळाचा रस, त्यातली साखर, वर गूळ भुरभुरला असेल तर तो, सगळं वाहत जाऊन त्या बावीस टोकांपाशी थांबतं आणि काळी काच होऊन बसतं. तवा कोमट असताना गरम पाणी घालून दोन मिनिटं उकळलं की मधलं सगळं सुटतं. (तापलेल्या बिडावर थंड पाणी कधीही घालू नका, तडा जातो.) पण टोकांपाशी काथ्या पोचत नाही, घासणी पोचत नाही, बोटही पोचत नाही. राहिलेली साखर हवेतली ओल धरते आणि तिच्याखाली गंज येतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे कळलं नाही, जूनमध्ये कळलं.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की गंज वॉरंटीत येत नाही, तडा गेला तरच बदलून मिळेल; आणि सफाईसाठी आमचा खास ब्रश घ्या, २४९ रुपये. मी फोनही केला. म्हटलं, मी धूत नाही असं नाही, तुमच्या साच्यात खोट आहे. चारही बाजूंनी बोटभर जागा सोडली असती तर घासणी सरळ फिरली असती, त्याला लोखंडही कमीच लागलं असतं. बाई नम्र होत्या, "पुढे कळवते" म्हणाल्या. अजून काही कळवलेलं नाही.

ब्रश घेतला नाही. बांबूच्या शिगेचं टोक चपटं तासून घेतलं, ते बरोबर शिरतं. नऊ टोकांचा गंज त्याला खडे मीठ आणि तेल लावून काढला, तवा शेगडीवर कोरडा केला, जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन धूर निघेपर्यंत तापवला. असं तीनदा. आता काळा आहे.

घ्यायचा असेल तर गोल घ्या, किंवा दुकानात जाऊन रेघा काठापासून सुट्या आहेत का ते बोट घालून पाहा. फोटोवरून हे दिसत नाही. माझ्याकडून पाचांपैकी साडेतीन. अननसाला पाच, त्या कडेमुळे दीड वजा.

रविवारी आईला पुन्हा हवाय. अननस आणून ठेवलाय, बावीस टोकं सकाळीच तपासली, कोरडी आहेत.