ध्वनिमुद्रणाची खोली उभारताना: संगणक की अ‍ॅनालॉग यंत्रे?

सोलापुरात भजनी मंडळे, शाहिरी पथके आणि नवे गायक यांच्यासाठी ध्वनिमुद्रणाची छोटी खोली उभारू पाहणाऱ्याने पैसा संगणकात घालावा की टेपयंत्र आणि जुन्या धर्तीच्या मिक्सरमध्ये, म्हणजे आवाज आकड्यांत न बदलता हाताळणाऱ्या अ‍ॅनालॉग यंत्रांत, हे ठरवताना कानाइतकाच इथल्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो.

आधी हलगी घेऊ. विस्तवावर तापवून ताणलेल्या हलगीवर पहिला घाव पडतो, तेव्हा ध्वनिफीत त्या आघाताचे टोक किंचित गोलावते आणि आवाज भरीव लागतो. संगणकात मात्र शून्य डेसिबलची, म्हणजे तो नोंदवू शकेल त्या कमाल पातळीची, मर्यादा ओलांडताच लहरीचा माथा सपाट कापला जातो व ती तडतड पुढे कशानेही नीट जात नाही. तरीही हा दोष टाळता येतो: २४ बिटच्या मुद्रणाचा तात्त्विक पल्ला (सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतचा) सुमारे १४४ डेसिबलचा असल्याने वर १२ डेसिबल जागा मोकळी ठेवली तरी काही बिघडत नाही, फितीवर तेवढी जागा सोडली, तर तिची मूळची सरसर वर येते.

गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज अ‍ॅनालॉग मिक्सरमधून तत्काळ मिळतो. संगणकात तो फिरून येईपर्यंत काही मिलिसेकंद जातात. म्हणून थेट ऐकण्याची सोय असलेलाच ऑडिओ इंटरफेस (माइक आणि संगणक जोडणारे यंत्र) घ्यावा.

खर्चाच्या बाबतीत मात्र तुलना एकतर्फी आहे. सेकंदाला १५ इंच वेगाने २५०० फुटांचे रीळ जेमतेम ३३ मिनिटे पुरते, नवी फीत जगात मोजक्याच कंपन्या बनवतात आणि हेडची (फितीवर आवाज उमटवणाऱ्या व वाचणाऱ्या भागाची) सफाई व जुळवणी सतत करावी लागते. त्यातच तापमान १० अंशांनी वाढले की यंत्रांतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (विद्युतभार साठवणाऱ्या भागाचे) आयुष्य साधारण निम्मे होते. चाळिशीपार जाणाऱ्या सोलापूरच्या उन्हाळ्यात जुन्या यंत्रांना ते फार महागात पडते.

म्हणून माझे मत स्पष्टपणे संगणकाच्या बाजूने आहे. पण वाचलेला पैसा सॉफ्टवेअरच्या प्लगइनांवर (जोड-प्रोग्रामांवर) न उधळता चांगला मायक्रोफोन, प्रीअ‍ॅम्प (माइकचा क्षीण संकेत वाढवणारे यंत्र) आणि खोली यांवर खर्चावा. भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून जाड सोलापुरी चादरी दुहेरी टांगल्या, तर टाळांचा प्रतिध्वनी बराच आवरतो. पखवाजाची घुमक मात्र त्यांना जुमानत नाही, तिच्यासाठी कोपऱ्यांत रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) जाड पॅनेलच हवेत.

घरात कीर्तनांची जुनी रिळे असतील, तर टेपयंत्र लागेलच. परंतु ती संगणकात उतरवून घेण्यापुरते ते भाड्याने आणले तरी भागते.