दहा फुटबॉल देतात आणि शाळेचा शिक्का नेतात

गावातल्या पोट्ट्यांना फुटबॉल, जर्सी, बूट आणि महिनाभराचं शिबिर फुकट देतो म्हणत एखादी ‘अकॅडमी’ येते, नोंदणीचे म्हणून प्रत्येकी पाचशे रुपये घेते आणि परत दिसत नाही. गाव त्या पाचशेसाठी हळहळतं. पण त्या माणसाची खरी कमाई पाचशे नव्हेच. तो मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची पोच आणि मुलांचे फोटो घेऊन जातो. या दोन गोष्टींच्या जोरावर तो पुढे वर्षभर अशा लोकांकडून पैसे गोळा करतो, ज्यांनी आपला तालुका कधी पाहिलेलाही नसतो.

हे लोक बहुतेक जानेवारी ते मार्चमध्येच का उगवतात, तेही समजून घ्या. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, तोच सीएसआर. ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण त्यात बसतं. वर्ष ३१ मार्चला संपतं आणि न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत वळवावा लागतो, त्यामुळे शेवटी घाई असते. २६ जानेवारीचं झेंडावंदन तर आयतंच: मुलं रांगेत उभी, सरपंच हजर, बॅनर बांधायला मंच तयार. बाहेरच्या तज्ज्ञाकडून कामाची तपासणी सक्तीची आहे ती फक्त एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांना, आणि तीही सीएसआरचा बोजा सरासरी दहा कोटी किंवा जास्त असलेल्या कंपन्यांना. पाच-सात लाखांच्या किटवाटपाचं काय झालं हे पाहायला येण्याची सक्ती कुणावरच नाही. तिथे पुरावा म्हणजे शाळेनं दिलेला कागद.

म्हणून सगळी काळजी त्या कागदाशी घ्यायची. पोच आधीच टाईप करून आणलेली असते. ‘शाळेतील विद्यार्थ्यांना फुटबॉल किट प्राप्त झाले’ एवढंच लिहिलेलं असतं आणि संख्येची जागा कोरी. सर, गाडी निघायची आहे, आकडा नंतर भरतो, असं म्हणतात. दहा बॉल आणि वीस जर्सी दिलेल्या असतात, नंतर तिथे दोनशे पूर्ण किट होतात. ‘किट’ हा शब्दच पोचेत येऊ देऊ नका. जर्सी, चड्डी, स्टॉकिंग, शिनगार्ड, बूट, बॉल, पंप, प्रत्येकाची ओळ वेगळी हवी, संख्या आकड्यात आणि अक्षरात हवी, खाली उरलेल्या जागेवर तिरपी रेघ मारायची. पोच शाळेच्या लेटरहेडवर शाळेनंच लिहावी, तिला जावक क्रमांक द्यावा, वस्तू त्याच दिवशी डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या साहित्याच्या नोंदवहीत, चढवाव्यात आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत ठराव घ्यावा. आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय कुणालाही शिबिर घेऊ देऊ नये, मग तो धारणीचा प्रकल्प असो की पांढरकवड्याचा, भामरागडचा असो की देवरीचा. लबाड माणसाला एवढी लिखापढी नकोच असते. बहुतेकदा तो चहा न घेताच निघतो.

देणगीदाराचं नाव विचारायला लाजू नका. बॅनरवर कंपनीचं चिन्ह असेल तर मंजुरीपत्राची प्रत मागा. त्यात किती शाळा, किती मुलं, कोणत्या वस्तू हे लिहिलेलं असतं. ती ‘गोपनीय’ आहे असं उत्तर आलं तर कार्यक्रम तिथेच थांबवा.

आता बॉल. चौदा वर्षांखालच्या मुलांना वाटलेले बॉल नीट पाहिले तर बरंच कळतं. आठ ते बारा वयाला साइज चार लागतो, त्यावरच्यांना पाच. साइज पाचचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असतं. शिंप्याचा टेप आणि किराणा दुकानातला काटा, एवढ्यावर तपासणी होते. हवा भरून रात्रभर ठेवा, सकाळी अंगठ्यानं दाबा. पातळ पीव्हीसीचा, यंत्रावर शिवलेला बॉल सकाळीच मऊ पडतो. पऱ्हाटीचे खुंट आणि धुऱ्यावरच्या बाभळीचे काटे असलेल्या मैदानावर तर तो आठवडाही काढत नाही. आपल्याकडच्या काळ्या, भेगाळलेल्या जमिनीला साच्यातला रबरी बॉल बरा. दिसायला साधा, पण टिकतो. ज्यांना खरोखर मुलांना खेळवायचं असतं ते पंपाबरोबर चार-सहा सुया जास्तीच्या देतात आणि सुई ओली करून घालायची हेही शिकवतात, कारण कोरड्या सुईनं व्हॉल्व्ह फाटतो. फोटोपुरते आलेले लोक पंप आणतच नाहीत. ही खूण अचूक नाही, पण बरीच उपयोगी आहे.

संस्थेची तपासणी तिच्या नोंदणी क्रमांकापासून करा. महाराष्ट्रात सोसायटी म्हणून नोंदलेल्या सार्वजनिक न्यासाचा क्रमांक ‘एफ’नं सुरू होतो, इतर न्यासांत ‘ई’ दिसतो आणि कंसात जिल्हा असतो. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट एकचा उतारा मागितला की विश्वस्तांची नावं कळतात. न्यास नोंदलेलाच नसेल तर लोकांकडून वर्गणी जमवायला सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी लागते, ती दाखवायला सांगा. दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा क्रमांक दाखवून ‘नीती आयोगाची मान्यता’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तो क्रमांक म्हणजे फक्त नोंद, मान्यता नव्हे. कंपन्यांचा पैसा घ्यायला सीएसआर-१ ची वेगळी नोंदणी लागते. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे पाठवायच्या आधी पडद्यावर नाव येतं. तिथे संस्थेऐवजी माणसाचं नाव आलं तर फोन खिशात ठेवायचा. दोन हजारांवर रोख देणगीला आयकराची सूट मिळत नाही, त्यामुळे ‘रोख द्या, पावती पाठवतो’ म्हणणाऱ्याची पावती तशीही कामाची नसते.

परदेशातून आलेली मदत म्हटलं की गावात माणसं हळवी होतात. परदेशी देणगी एफसीआरए या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि तीही आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाही. तेव्हा ‘लंडनहून मदत आली आहे, सोडवायला फक्त प्रोसेसिंगचे चार हजार भरा’ यात खरं काहीच नसतं. फिफाचं नाव घेणाऱ्यांना एवढंच सांगा, की २०१७ च्या ‘मिशन वन मिलियन’मध्ये शाळांना बॉल फुकट मिळाले होते आणि फिफाच्या शाळांसाठीच्या उपक्रमातले बॉलही शिक्षण खात्याच्या यंत्रणेतून विनामूल्यच येतात. ‘आम्ही स्लम सॉकरचेच’ असंही सर्रास सांगितलं जातं, कारण विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात सुरू केलेलं, झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल खेळवण्याचं ते काम आता घराघरात माहीत आहे. कुणाचंही नाव सांगितलं तरी मूळ संस्थेच्या कार्यालयात स्वतः फोन करून खात्री करायची, समोरच्यानं दिलेल्या नंबरवर नाही.

सगळ्यात महाग पडते ती ‘निवड’. मुलगा चांगला खेळतो, स्पेनच्या क्लबला आवडला, पासपोर्ट-व्हिसाचे साठ हजार भरा. फिफाच्या नियमांत अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात बदली, मोजके अपवाद सोडले, तर होतच नाही. आणि आईबाप इथेच वावरात असताना पंधरा वर्षांच्या पोराला ते अपवाद लागू पडणं अवघडच. शालेय स्पर्धा आणि सुब्रतो करंडक यांचा रस्ता शाळेतून, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत, तालुक्यावरून वर जातो. मधल्या माणसाला पैसे देऊन तिथे पोचता येत नाही. ‘राष्ट्रीय’, ‘फेडरेशन’, ‘इंडिया’ असे भारदस्त शब्द असलेल्या खासगी संस्था दोन दिवसांची स्पर्धा घेऊन प्रमाणपत्र देतात. नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी ते क्रीडा विभागाच्या पडताळणीला गेलं की बाद होतं, आणि ते पोराला थेट भरतीच्या वेळी, काही वर्षांनी कळतं. एकट्यादुकट्या माणसाबरोबर मुलामुलींना ट्रायलसाठी बाहेरगावी पाठवू नका, बरोबर महिला शिक्षिका किंवा पालक नसेल तर मुळीच नाही. मुलांना घेऊन कुणी निघाल्याचं संशयास्पद वाटलं तर मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ ला तेव्हाच फोन करा.

‘थेट खात्यात शिष्यवृत्ती’ म्हणत आधार, पासबुक आणि मशीनवर अंगठा घेतला जातो. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात. आईच्या खात्यातले रोजगार हमीचे पैसेही त्यातच जातात. खेळाच्या नोंदणीला अंगठा कधीच लागत नाही. वयासाठी जन्मदाखल्याची किंवा शाळेच्या बोनाफाईडची प्रत पुरते, आणि त्या प्रतीवरही ‘फक्त फुटबॉल नोंदणीसाठी’ असं लिहून तारीख टाकावी. अंगठा देऊन झाला असेल तर आधारचं बायोमेट्रिक त्याच दिवशी लॉक करा.

पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर लगेच कळवा. जितका उशीर, तितका पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पुढे सरकतो. मग पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली लेखी तक्रार द्यायची. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो. पोच दिलेले मुख्याध्यापक बहुतेक इथेच गप्प बसतात, कारण कागदावर सही त्यांची असते. पण गप्प बसल्यानं ती सही जास्तच अंगाशी येते. बॅनरच्या फोटोवर कंपनीचं नाव आहे ना, मग तिच्या सीएसआर विभागाला स्पीड पोस्टानं पत्र पाठवा: अमुक तारखेला शाळेला प्रत्यक्षात दहा बॉल आणि वीस जर्सी मिळाल्या, यापेक्षा जास्त आकडा असलेली पोच शाळेला मान्य नाही, आणि मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय वापरू नयेत. सोबत डेडस्टॉकच्या पानाची प्रत लावा. एक प्रत धर्मादाय कार्यालयाला, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, आणि पोस्टाची पावती जावक नोंदवहीला चिकटवून ठेवा.