ड्रॉप डी, डॅडगॅड की ड्रॉप सी? भजन आणि बँड एकाच गिटारवर भागवणाऱ्यांसाठी

ड्रॉप डी, डॅडगॅड, ड्रॉप सी ही गिटारच्या तारा वेगळ्या सुरांना लावायच्या पद्धतींची, म्हणजे ट्यूनिंगची, नावं. आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्याला घाई आहे तो मोकळा. घरात एकच गिटार आहे, तीच गुरुवारच्या भजनात बसते आणि तीच गणपतीत पोट्ट्यांच्या बँडमध्ये उभी राहते, असं असेल तर ड्रॉप डी लावा आणि एक बऱ्यापैकी कॅपो (गिटारच्या मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) घ्या. वाजवणं जास्त करून भजनातच असेल तर डॅडगॅड. ड्रॉप सीच्या नादी दुसरी गिटार आल्यावर लागा.

आता कारणं. नेहमीची गिटार जाड तारेकडून ई, ए, डी, जी, बी, ई अशी लागते. ड्रॉप डीमध्ये फक्त सहावी, सगळ्यात जाड तार ईवरून डीवर उतरते, म्हणजे 82.4 हर्ट्झवरून 73.4 वर. बाकी पाच तारांना हात लावायचा नाही. डॅडगॅडमध्ये सहावी, दुसरी आणि पहिली अशा तीन तारा दोन-दोन फ्रेटइतक्या (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या दांड्या, एक फ्रेट म्हणजे अर्धा सूर) उतरतात आणि हाती येतं डी, ए, डी, जी, ए, डी. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमने हे ट्यूनिंग लोकांपुढे आणलं. मोरोक्कोत ऊद (अरबी तंतुवाद्य) वाजवणाऱ्यांसोबत वाजवताना त्याला तसं काहीतरी हवं होतं. आपल्या भजनाची गरज फार वेगळी नाही. खाली एक सूर धरून ठेवायचा, वर गाणारा फिरत राहील, दर ओळीला कॉर्ड बदलायची घाई नाही.

पण भजनात ट्यूनिंग गिटारवाला ठरवत नाही, पेटी ठरवते. बुवांनी "काळी दोन" म्हटलं, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर सा धरला, की विषय संपला. ड्रॉप डी आणि डॅडगॅड, दोन्हीत मोकळा (तार न दाबता वाजणारा) सा पांढरी दोनवर, म्हणजे डीवर आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी दोन, तिसऱ्यावर पांढरी चार, पाचव्यावर पांढरी पाच. नेहमीच्या ट्यूनिंगमध्येही डीचा आकार धरून कॅपोने तीच पट्टी मिळते, पण तिथे सगळ्यात खालचा सा चौथ्या तारेवर राहतो. ड्रॉप डीत तो एक सप्तक खाली, सहाव्या मोकळ्या तारेवर येतो आणि खंजिरी-टाळाच्या गलक्यातही खालून ऐकू येत राहतो. एवढ्या एका खर्जासाठी मी ड्रॉप डीची शिफारस करतो.

अडचण काळी एकची. कॅपो सूर वरच नेतो, खाली आणत नाही. तुमच्या मंडळाची पट्टी कायम काळी एकच असेल तर सरळ सहाही तारा अर्धा सूर उतरवून गिटार तशीच ठेवा आणि मग सहावी ड्रॉप करा. बोटांनाही तारा मऊ लागतील. काळी दोन लागलीच तर कॅपो दुसऱ्या फ्रेटवर. आणि जुन्या पेट्या सगळ्याच 440 हर्ट्झला (मोबाईलचा ट्यूनर ए सुरासाठी धरतो त्या मापाला) जुळलेल्या नसतात. मोबाईलच्या ट्यूनरवर हिरवा दिवा लागला म्हणून खूश होऊ नका, पेटीचा सा दाबून धरायला सांगा आणि चौथी तार त्यालाच लावा.

आता खरी तुलना, मोकळ्या तारांची. डीला सा धरला तर ड्रॉप डीच्या तारा अशा वाजतात: सा, प, सा, म, ध, रे. हे हुबेहूब दुर्गा रागाचे पाच स्वर आहेत. दुर्गातल्या चालीला सहाही तारा मोकळ्या झंकारल्या तरी एकही सूर परका लागत नाही. पण आपल्याकडे बैठक संपते भैरवीने आणि भैरवीत रे, ग, ध, नि चारही कोमल. तिथे दुसरी तार शुद्ध ध सांगते, पहिली शुद्ध रे, आणि दोन्ही कानाला टोचतात. त्या तारा दाबून तरी ठेवा किंवा छेडूच नका.

डॅडगॅडमध्ये हा प्रश्नच मिटतो. तिथे तारा आहेत सा, प, सा, म, प, सा. रे, ग, ध, नि यांपैकी मोकळं काहीच नाही, त्यामुळे कोमल की शुद्ध हे गाणाऱ्यावर सोडता येतं. भैरवी, काफी, सारंग सगळं चालतं. भूपात दोन्ही ट्यूनिंग फसतात, कारण भूपात म नाही आणि तिसरी तार मोकळी म वाजवते. यमनला तीच तार पहिल्या फ्रेटवर दाबली की तीव्र म मिळतो. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणजे पाचवी आणि दुसरी तार अडचणीत. पण डॅडगॅड न बदलता एला सा माना, मग तारा होतात म, सा, म, कोमल नि, सा, म. अख्खा मालकंसाचा साज! पट्टी मात्र पांढरी सहा होते. गाणारी बाई असेल तर बहुतेक वेळा हरकत नसते, बुवांना आधी विचारा.

डॅडगॅडची किंमत बँडमध्ये मोजावी लागते. शिकलेले जवळपास सगळे कॉर्डचे आकार बाद होतात. गॅदरिंगमध्ये सरांनी ऐनवेळी एखाद्या हिंदी गाण्याची फर्माइश केली की डॅडगॅडवाला स्टेजवर खुंट्या पिळत बसतो. ड्रॉप डीत नुकसान फक्त सहाव्या तारेचं, तिथले सगळे स्वर दोन फ्रेट पुढे सरकतात. जी कॉर्डसाठी सहावी तार तिसऱ्याऐवजी पाचव्या फ्रेटवर दाबायची आणि पाचवी गप्प ठेवायची. ई मायनरला सहावी, पाचवी, चौथी तिन्ही दुसऱ्या फ्रेटवर. एफची बार कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं टाकून धरायची) मात्र जुन्या आकारात विसरा.

बदल्यात मिळतं ते असं: खालच्या तीन तारांवर एकच बोट आडवं टाकलं की पॉवर कॉर्ड तयार. सा, प आणि वरचा सा, बस. त्यात गंधार नसतो म्हणूनच डिस्टॉर्शन (इलेक्ट्रिक गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज) कितीही वाढवा, आवाज गढूळ होत नाही. एक बोट सरकवत गेलं की रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारे छोटे तुकडे) आपोआप वेगवान होतात. पोट्टे ड्रॉप डीवर भाळतात ते यासाठीच.

डबल ड्रॉप डी म्हणजे पहिली तारही डीवर. वर आणि खाली दोन्हीकडे सा गुंजतो, ऐकायला गोड आहे, पण डॅडगॅड येत असेल तर त्यासाठी वेगळा जीव काढण्यात अर्थ नाही.

झाडीपट्टीत, वडसा-ब्रह्मपुरीकडे नाटकाच्या साथीला बसणार असाल तर यातलं काहीच नको. प्रत्येक नटाची पट्टी वेगळी, पडदा पडायच्या आत पुढचं गाणं सुरू. तिथे नेहमीचं ट्यूनिंग आणि कॅपोच जिंकतो.

ड्रॉप सी. सी, जी, सी, एफ, ए, डी. सगळ्या तारा दोन फ्रेट खाली आणि सहावी त्याहून आणखी दोन. मेटल वाजवणाऱ्यांना हेच हवं असतं, आणि आवाज जबरदस्त येतो हे मान्य. पण तारेचा ताण सुराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. ड्रॉप डीत सहाव्या तारेचा ताण सुमारे 20 टक्के घटतो, ते चालून जातं. ड्रॉप सीत 37 टक्के घटतो. इलेक्ट्रिकच्या नेहमीच्या 10-46 सेटमधली (आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) 46 ची तार मग फ्रेटवर आपटत खरखरते आणि जरा जोरात दाबली की सूर वर पळतो. तिथे 56 ची तार लागते. ती बसवायची तर नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच रुंद करावी लागू शकते, आणि मानेचा बाकही पुन्हा बघावा लागतो. तालुक्याच्या गावात हे करून देणारा कारागीर सापडणं कठीण, म्हणजे गिटार घेऊन नागपूर नाहीतर अमरावती गाठा.

त्यात आपला उन्हाळा. पोलादाची तार उन्हात प्रसरण पावते आणि सूर उतरतो. तार जितकी सैल, तितका हा फरक जास्त. मे महिन्यात दुपारी 45 अंशांत अंगणातल्या मांडवात ड्रॉप सी लावून बसलात तर दर गाण्याआधी खुंटी फिरवावी लागेल. दुसरा शत्रू कूलर. लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. कूलरसमोर रात्रभर ठेवलेली गिटार ओल पिऊन फुगते, तारा फ्रेटबोर्डपासून उंच होतात, आणि सकाळी बाहेर कोरड्या हवेत आणली की लाकूड पुन्हा आकसतं. कोणतंही ट्यूनिंग ठेवा, गिटार तिच्या केसमध्ये बंद करून कूलर नसलेल्या खोलीत ठेवा.

कार्यक्रमाच्या मध्येच ट्यूनिंग बदलायचं असेल तर ड्रॉप डीला तोड नाही, कारण एकच खुंटी. चौथी आणि सहावी तार एकदम छेडा आणि सहावी हळूहळू सैल करा. दोन्ही आवाज मिळून आधी भरभर थरथरतात, मग ती थरथर संथ होते, आणि सूर जुळला की थांबते. पण वरून थेट डीवर येऊन थांबू नका. जरा खाली जा आणि पुन्हा वर चढवत आणा, नाहीतर खुंटीतली ढील दोन गाण्यांत तार आणखी उतरवते. खात्रीसाठी सहावी सातव्या फ्रेटवर दाबा, तो सूर मोकळ्या पाचव्या तारेशी जुळायला हवा. इलेक्ट्रिकला फ्लोटिंग ब्रिज (तारा अडकवायचा, स्प्रिंगांवर तोललेला हलता भाग) असेल तर मात्र एक तार सैल केली की स्प्रिंगा ब्रिज मागे ओढतात आणि बाकी पाचही तारा चढतात. अशी गिटार असेल तर ट्यूनिंग बदलण्याचा खेळ स्टेजवर नकोच.

तारांचं शेवटचं. अकूस्टिकला 12-53 चा सेट ड्रॉप डी आणि डॅडगॅड दोन्हीला पुरतो. जोरात छेडणारे असाल तर 13-56 बघा, पण मग बोटं आधी तयार करा. सेट मागवताना सहाव्या नंबरच्या एक-दोन सुट्या ताराही मागवून ठेवा, रोज वर-खाली करून तीच आधी मरते.