चिनी सासू-सासऱ्यांचा युरोप: टूरबरोबर की स्वतंत्र व्हिसावर?

घरात एक भारतीय पासपोर्ट, बाकीचे सगळे चिनी, आणि सासू-सासरे निवृत्तीनंतर पहिल्यांदाच युरोपला निघालेले. शांघायकडच्या माझ्यासारख्या मराठी जावयापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच: त्यांना चिनी कंपनीच्या टूरबरोबर पाठवायचं, की स्वतंत्र व्हिसा काढून आपणच न्यायचं? आमच्याकडे दोन्ही झालं. आधी ते दोघं टूरबरोबर जाऊन आले, नंतर आम्ही सगळे मिळून स्वतंत्र गेलो. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाची) ९० युरो फी, ३०,००० युरोंचा विमा आणि बोटांचे ठसे हे दोन्हीकडे सारखंच असल्यामुळे त्यात वेळ घालवत नाही.

टूरची बाजू आधी मांडतो, कारण ती लेचीपेची नाही. चिनी पर्यटकांना पाश्चात्त्य देशांचं दार उघडलं तेच मुळी गटांसाठी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने १९९९ मध्ये ते उघडलं, युरोपीय संघाशी करार फेब्रुवारी २००४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून गट निघू लागले. एडीएस (अप्रूव्ह्ड डेस्टिनेशन स्टेटस) म्हणतात ती हीच व्यवस्था. गट किमान ५ जणांचा, सोबत टूर लीडर, आणि व्हिसाचे कागद मान्यताप्राप्त कंपनीनेच द्यायचे. एवढ्या वर्षांत कंपन्यांचा हात इतका बसला आहे की प्रवाशाला काही करावंच लागत नाही. सासऱ्यांनी हुकौचं, म्हणजे चिनी कुटुंब-नोंदणीचं, पुस्तक, निवृत्तीचा दाखला आणि पेन्शनच्या खात्याचा उतारा नेऊन दिला. ठसे द्यायला त्यांच्या शाओशिंग गावाहून शांघायला एक चक्कर झाली आणि काम संपलं.

प्रवासातही त्यांची आबाळ झाली नाही. जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली हा ठरलेला रस्ता. सकाळपासून रात्रीपर्यंत चिनी बोलणारं माणूस शेजारी. गोल टेबलावर सहा पदार्थ आणि एक सूप. युरोपातल्या बऱ्याच हॉटेलांत पाणी तापवायची किटली नसते, हे टूर लीडरने आधीच सांगितलं होतं, म्हणून सासूबाईंनी घडीची किटली बरोबर नेली होती. दुकानांच्या थांब्यांबद्दल मला धास्ती होती. स्वस्तात टूर विकायची आणि दुकानांच्या कमिशनवर वसुली करायची, याला चीनच्या पर्यटन कायद्याने १ ऑक्टोबर २०१३ पासून बंदी घातली आहे. या टूरमध्ये पॅरिसचं मोठं दुकान होतं, स्वित्झर्लंडमधल्या ल्यूसर्नची घड्याळंही होती, पण कुणी कुणाच्या मागे लागलं नाही. खर्चही, आमच्या अनुभवापुरतं बोलायचं तर, स्वतंत्र जाण्यापेक्षा कमीच आला.

मग अडलं कुठे? गटाबाहेर पाऊल टाकता येत नाही, इथे.

आमच्या घरात ही अडचण जरा जास्तच बोचली. लग्न शांघायला झालं तेव्हा माझे आई-बाबा येऊ शकले नव्हते. सासू-सासऱ्यांना सांगलीला न्यावं तर भारताने २०२० पासून चिनी नागरिकांचे पर्यटक व्हिसा थांबवलेले. ते पुन्हा सुरू झाले २४ जुलै २०२५ ला. मधल्या काळात व्याही-विहिणी एकमेकांना फक्त मोबाइलच्या पडद्यावर ओळखत होते. अशात आई-बाबांची मुंबईहून निघणारी युरोप टूर ठरली, आणि तारखा जुळवता जुळवता दोन्ही टूर एकाच दिवशी ल्यूसर्नला पोचतील असं जमून आलं. आम्हाला केवढा आनंद झाला होता!

श्वानेनप्लात्झ म्हणजे ल्यूसर्नमध्ये टूरच्या बसगाड्या जिथे माणसं उतरवतात तो चौक. तिथे चौघं भेटली. मी आणि बायको शांघायमध्ये फोनवर दुभाष्याचं काम करत होतो. आई-बाबांचा मुक्काम एंगेलबर्गला होता. ल्यूसर्नपासून गाडीने जेमतेम पाऊण तास. सासू-सासऱ्यांनी त्या रात्री त्यांच्याबरोबर जावं आणि सकाळी परत गटात यावं, एवढंच आमचं मागणं होतं. टूर लीडरने नम्रपणे नाही म्हटलं. चौकात मिळालेला मोकळा वेळ संपला आणि दोन बसगाड्या दोन दिशांना गेल्या.

टूर लीडरचा दोष नव्हता, हे मला त्या दिवशीही पटलं होतं. या व्हिसाची अटच अशी की गटाने एकत्र शिरायचं, एकत्र फिरायचं, एकत्र बाहेर पडायचं. गटातलं कुणी परत आलं नाही तर दूतावास कंपनीला जबाबदार धरतो, आणि पुढचे गट पाठवायची तिची परवानगीच धोक्यात येते. त्यामुळे कंपनी सगळ्यांनाच पळून जाणारे समजून बांधून ठेवते. निघण्यापूर्वी आमच्याकडून माणशी ५०,००० युआन अनामत मागितली गेली. ही रक्कम कंपनीच्या खात्यात नव्हे तर बँकेच्या ताब्यात ठेवायची असा नियम आहे, तेवढं तुम्हीही नीट पाहून घ्या. परत आल्यावर पासपोर्ट आणि बोर्डिंग पासचे उरलेले तुकडे कंपनीकडे द्यायचे. ते दूतावासात दाखवून व्हिसाची नोंद बंद झाली की मगच अनामत सुटते. बोर्डिंग पास मोबाइलवर असला तर चालत नाही, कागदाचाच हवा असं बजावलं होतं. सासूबाईंनी ते तुकडे संपूर्ण प्रवासात पैशांच्या पाकिटात पैशांहून जपले. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईला ‘मी परत आले’ हे असं सिद्ध करावं लागतं, हे मला फार लागलं. त्या स्वतः काहीच बोलल्या नाहीत.

तुमच्या घरात असा काही योग नसेल तर ही अट कदाचित जाणवणारही नाही, हे मान्य करतो. पण युरोपात कुणाची भाची शिकते आहे, कुणाचा जुना सहकारी आहे, एखाद्या गावात नुसतं दोन दिवस बसून राहावंसं वाटतं, यातलं काहीही असलं तरी तुम्ही त्याच चौकात येऊन थांबाल.

आता स्वतंत्र व्हिसा. इथे मेहनत आहे, आणि ती तुमच्या वाट्याला येते. शेंगेन अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची, पण ती ४५ पर्यंत ताणता येते. खरी मारामारी असते ती व्हिसा केंद्रातल्या भेटीच्या वेळेसाठी. उन्हाळ्याच्या तोंडावर ती मिळणं कठीण होतं. ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, तेव्हा वेळ सहज मिळते म्हणून भलत्या देशाकडे जाऊ नका. कार्यक्रमातल्या रात्री आणि हॉटेलांची बुकिंगं तंतोतंत जुळली पाहिजेत. बुकिंगं शेवटपर्यंत रद्द करता येतील अशीच घ्या.

निवृत्त माणसांच्या अर्जात दोन गोष्टींनी काम सोपं होतं: पेन्शन दरमहा जमा होते हे दाखवणारा सलग काही महिन्यांचा उतारा, आणि लेक-जावई बरोबर आहेत हे दाखवणारे कागद. आम्ही हुकौच्या सगळ्या पानांच्या प्रती भाषांतरासह, आमचं विवाह प्रमाणपत्र, बायकोच्या कंपनीचं लाल शिक्क्याचं पत्र आणि ‘खर्च आम्ही करतो’ असं तिच्या सहीचं पत्र जोडलं. चौघांचे अर्ज एकाच दिवशी, एकाच खिडकीवर दिले. अनामत नाही, बोर्डिंग पासचे तुकडे नाहीत. परत आल्यावर कुणाला काही दाखवायचं नव्हतं.

जावई म्हणून एक लक्षात ठेवा. एडीएसचा व्हिसा फक्त चिनी नागरिकांसाठी आहे. तुम्हाला भारतीय पासपोर्टवर टूरमध्ये जायचं असलं तरी तुमचा व्हिसा वेगळाच काढावा लागतो, तेव्हा कागदांची जुळवाजुळव तुम्हाला तशीही चुकत नाही. चीनचा निवास परवाना शेंगेनमधून निघायच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालू असायला हवा. त्याचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर ते आधी उरका, कारण त्या काळात पासपोर्टच अडकून पडतो. एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी अनेक वेळा प्रवेशाच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे नियम सैल झाले, ते भारतात राहून भारतातूनच अर्ज करणाऱ्यांसाठी. आपण शांघायमधून अर्ज करणारे त्यात बसत नाही.

स्वतंत्र जाताना गाडी चालवायचा बेत असेल तर चिनी लायसन्सच्या भरवशावर राहू नका. चीनची मुख्यभूमी रस्ते वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारांत नाही, त्यामुळे तिथल्या लायसन्सवर आंतरराष्ट्रीय परवाना मिळतच नाही. भारतीय लायसन्सवर तो आरटीओकडून मिळतो, पण त्यासाठी सुट्टीत गावी असताना आठवण ठेवावी लागते. आम्ही रेल्वेनेच फिरलो आणि स्वित्झर्लंडमध्ये तरी गाडीची उणीव भासली नाही. पुढचं स्टेशन, फलाट, डबा सगळं आधी कळतं. सासरे दुसऱ्या दिवसापासून स्वतःच वेळापत्रक वाचू लागले.

इंटरलाकेनजवळ आम्ही स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं होतं, आणि आई-बाबाही या वेळी टूर सोडून तिथे आले. सहा माणसांचं बाहेर जेवायचं म्हटलं तर स्वित्झर्लंड परवडत नाही, हा हिशोब त्यामागे होता. पण मला विचाराल तर सगळ्या प्रवासाचं मोल त्या स्वयंपाकघरात वसूल झालं. सकाळी एका शेगडीवर आईचे कांदेपोहे आणि दुसऱ्या शेगडीवर सासूबाईंचं नूडल्सचं सूप. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, आम्ही दोघं झोपलेलो, आणि तरी आत बोलणं चालू होतं. बाबा आणि सासरे तळ्याकाठी रोज चालायला जायचे. हे कुठल्याही टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत बसवता आलं नसतं.

दमणूक मात्र खरी आहे. सामान, तिकिटं, औषधं, कुणाला भूक लागली, कुणाला स्वच्छतागृह हवं, हे सगळं दोघांनी पाहायचं. तुम्हाला किंवा बायकोला सुट्टीच मिळत नसेल, आणि एक ऑक्टोबरच्या, म्हणजे चीनच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीतल्या, गर्दीतच जावं लागणार असेल, तर म्हाताऱ्या माणसांना स्वतंत्र व्हिसावर एकटं पाठवण्यापेक्षा टूर कितीतरी बरी. सासरे म्हणतात, पहिल्या वेळी टूरने गेलो म्हणून दुसऱ्या वेळी भीती वाटली नाही, आणि त्यात तथ्य असावं. टूर घ्यायचीच तर देश कमी आणि एका गावात सलग दोन रात्री असलेली निवडा.

व्हिसाच नको असं घरात मत पडलं तर चिनी पासपोर्टला आता बरीच दारं मोकळी आहेत. थायलंड आणि सिंगापूर २०२४ पासून ३० दिवसांसाठी खुले आहेत, मलेशियाही तसाच. युरोपचीच हौस असेल तर सर्बिया २०१७ पासून चिनी नागरिकांना व्हिसा मागत नाही. तुमच्यासाठी मात्र त्या प्रत्येक देशाचा नियम वेगळा पाहावा लागेल.

आमच्या घरी पुढच्या वेळचं ठरलं आहे: स्वतंत्रच, आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, शाळांच्या सुट्ट्या संपल्यावर आणि ऑक्टोबरची गर्दी सुरू होण्याआधी. त्या तारखा तुम्हालाही जमणार असतील तर व्हिसा केंद्राची वेळ मार्चपासूनच पाहायला लागा. सासू-सासऱ्यांचे ठसे आधीच्या शेंगेन व्हिसासाठी ५९ महिन्यांच्या आत दिलेले असतील तर ते पुन्हा द्यावे लागत नाहीत, म्हणजे त्यांची शांघायची फेरीही वाचू शकते.