परमँगनेट म्हणून रंगवलेली पावडर गळ्यात मारली, बाटली आली की आधी तपासा

घरी हौसेने केमिस्ट्री करणाऱ्यांनी हे वाचाच, माझे पैसे गेले ते गेले पण खरी भीती वेगळीच आहे.

मला टोल्युइन नावाच्या पेटणाऱ्या सॉल्व्हंटचं ऑक्सिडेशन करून बेंझोइक ॲसिड बनवायचं होतं, पुढे त्याचे एस्टर (वासाची संयुगं) करायला. यात ऑक्सिडेशन घडवून आणणारं पोटॅशियम परमँगनेट भरपूर लागतं, हिशोबाने ९२ ग्रॅम टोल्युइनला ३१६ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ साडेतीनपट. म्हणून स्वस्तात मोठी बाटली देणारा ऑनलाइन विक्रेता सापडल्यावर मी भुललो. लेबलवर शुद्धता ९९ टक्के, वर त्याने टेस्ट रिपोर्टची पीडीएफपण पाठवली, आणि साइटवरून नको थेट पैसे पाठवा अजून कमी करतो म्हणाला, मी पाठवले. इथेच चुकलो.

बाटलीत बारीक जांभळी पावडर होती. परमँगनेटचे खडे काळपट जांभळे असतात, त्यांना धातूसारखी चमक असते, ती यात अजिबात नव्हती. विचारलं तर म्हणे बारीक दळलंय म्हणून चमक नाही, आणि मला ते पटलं कारण पाण्यात टाकल्यावर रंग तर झकास आला होता.

मग कंडेन्सर (वाफ गार करून परत खाली आणणारी नळी) लावून तासनतास उकळत ठेवलं. खरं परमँगनेट असतं तर जांभळा रंग हळूहळू जाऊन मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गाळ बसायला हवा, बेंझोइक ॲसिड बनतंय याची तीच पहिली खूण. इथे गाळाचा कण नाही, रंग जसाच्या तसा आणि टोल्युइनचा थर वर तरंगतोय. शेवटी थोडंसं द्रावण बाजूला काढून त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकले तर जांभळ्याचं हिरवं झालं, अजून टाकलं तर पिवळं. मिथाइल व्हायोलेट नावाचा डाय, म्हणजे नुसता रंग, असाच वागतो. (हे कोणी करून बघू नका, खऱ्या परमँगनेटमध्ये हे ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, माझ्याकडूनही ते नको व्हायला होतं.)

मग चिमूटभर पावडर अगदी थोड्या गार पाण्यात ढवळली, रंग सगळा पाण्यात उतरला आणि तळाशी पांढरे दाणे राहिले. सिल्व्हर नायट्रेटने पांढरा साका आला, म्हणजे कुठलंतरी क्लोराइड, बहुतेक साधं मीठच. पीडीएफ नीट पाहिली तर तिच्यावरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबरशी जुळतच नव्हता. विक्रेत्याला फोटो पाठवले तर आधी म्हणाला तुमचं टोल्युइन खराब असेल, नंतर ब्लॉक केलं.

आणि भीती ती ही, की काय आहे हे माहीत नसलेली पावडर मी पेटणाऱ्या सॉल्व्हंटबरोबर तासनतास उकळली. त्यात मिठाऐवजी क्लोरेट, म्हणजे पेटणाऱ्या गोष्टींबरोबर भडकू शकणारं ऑक्सिडायझर, निघालं असतं तर? हा विचार आला की अजून पोटात गोळा येतो.

तपासणी दोन मिनिटांची आहे हो. एक दाणा ग्लासभर पाण्यात टाका आणि त्यात व्हिटॅमिन सीची चिमूट टाका, परमँगनेटचा रंग बघता बघता उडतो, डायचा राहतो. किंवा द्रावणाचा थेंब फिल्टर पेपरवर ठेवा, परमँगनेटचा डाग तपकिरी होत जातो कारण ते कागदालाच ऑक्सिडाइज करतं, माझ्या पावडरचा डाग दुसऱ्या दिवशीही जांभळाच होता. बोटांवरही तेच, आठवडाभर माझी नखं जांभळी होती.

नवीन बाटली आता ओळखीच्या सप्लायरकडून बिलासकट घेतली, जुनीवर 'अज्ञात, वापरू नये' असं लिहून ती केमिकल कचऱ्यात द्यायला वेगळी ठेवलीये.