मोफत विधी सेवा : भाच्याच्या खटल्यातील अनुभव

चोरीच्या खटल्यात इतर दोघांसह आरोपी असलेल्या माझ्या भाच्याला आधीच्या खासगी वकिलांनी ‘कबूल कर, लवकर सुटशील’ एवढाच सल्ला दिला होता. तो कोठडीत असल्याने उत्पन्नाची अट न लागता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळाले. त्यांनी दोषारोपपत्रातील प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढत ‘हे तू स्वतः केलेस का?’ असे विचारले, तेव्हा कुलूप तोडण्याचा आरोप त्याला मुळात कळलाच नव्हता, हे उघड झाले.

गुन्हा कबूल केला तरी त्यावरून शिक्षा द्यायची की नाही, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 264 नुसार दंडाधिकाऱ्यांच्या विवेकावर असते, आणि कबुली समजून-उमजून दिलेली असावी लागते, हे त्यांनी शांतपणे समजावले. कसाबने 2009 मध्ये खटल्याच्या मध्येच कबुली दिली, तरी न्यायालयाने सुनावणी पुढे चालवली आणि 2010 मध्ये दोन भारतीय सहआरोपी निर्दोष सुटले, हा त्यांनी दिलेला दाखला मला फार पटला. अर्ज मंजूर व्हायला विलंब लागला, ही उणीव खरीच. तरीही ही सेवा मी मनापासून सुचवेन.